शाबी अलोन्सोचं नेमकं काय दाखवू पोराला?

शिरोड्याचो_गोली

नमस्कार मंडळी. मी दिवसा काजूच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि संध्याकाळी ओहोटी असली की किनाऱ्यावर चौदा वर्षांखालच्या पोरांना खेळवतो. कोच वगैरे नाही, शिट्टी माझी आहे एवढंच.

त्यांच्यात एक पोरगा आहे. काटकुळा, धावायला मंद. बाकीचे त्याला 'बगळो' म्हणतात. "ह्यो नुसतो उभो रवता!" ही रोजची तक्रार. आणि खोटं नाही, असतोच उभा. पण त्याच्या पायात बॉल आला की पुढचा पास असा जातो की ह्याला तिकडचा पोरगा दिसला कधी, हे मलाच कळत नाही. गेल्या रविवारी एका पालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ह्याला बसवा, धावणारा घ्या. मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही.

मित्र म्हणाला, त्याला शाबी अलोन्सो दाखव, स्पेनचा जुना मिडफिल्डर. आता मी मूळचा गोलकीपर, त्यातून घरात ब्राझीलचा झेंडा. अलोन्सो मला जर्मनीतल्या लेव्हरकुसेन क्लबचा पूर्वीचा कोच म्हणून माहीत. यूट्यूबवर बघितलं तर सगळे लांबून मारलेले गोल. ते दाखवून ह्या पोराचं काय भलं होणार? नेमकं काय दाखवू? आणि असा न धावणारा माणूस एवढा मोठा झालाच कसा?

मांडवी_जेटी

गोल दाखवू नका. विशेषतः २००६ चा ल्यूटनविरुद्धचा तर अजिबात नको. त्यांचा गोलकीपर पुढे आलेला होता, ह्याने आपल्या हाफमधून रिकाम्या गोलात मारला. पोरं तेवढंच उचलतील.

मी २००५ पासून लिव्हरपूलवाला, तेव्हा अलोन्सो आमच्याकडेच होता. इस्तंबूलची चॅम्पियन्स लीग फायनल आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झाली. हाफटाइमला मिलान ३-०. बाहेर वळीव कोसळत होता, लाईट गेली. म्हटलं सुटलो, आडवा झालो. लाईट आली तेव्हा टीव्ही आपोआप सुरू झाला आणि कोपऱ्यात ३-३. मला वाटलं झोपेत आहे. सहा मिनिटांत तीन गोल, तिन्ही माझ्या अंधारात. तिसरा ह्याचाच. पेनल्टी दिदाने अडवली, परत आलेला बॉल ह्याने डाव्या पायाने जाळीच्या छपरात घातला. मी तो दुसऱ्या दिवशी बातम्यांत पाहिला, तोसुद्धा चार सेकंद.

पण त्याची किंमत मला कळली तो गेल्यावर. २००८-०९ मध्ये लिव्हरपूल इंग्लिश लीगमध्ये ८६ गुणांनी दुसरं आलं. त्या उन्हाळ्यात हा रेआल माद्रिदला गेला. पुढच्या सीझनला जेरार्ड तोच, टोरेस तोच, आणि संघ सातवा. एकट्यामुळे झालं असं म्हणणार नाही, दुखापतीही होत्या. पण जेरार्डला बॉल जिथे हवा तिथे मिळायचा, तो मिळेना एवढं घरी बसून दिसत होतं.

आता काय दाखवायचं. बॉल त्याच्याकडे येण्याआधीचे दोन सेकंद. बॉल दुसऱ्याच्या पायात असताना हा खांद्यावरून मागे बघून घेतो, एकदा ह्या बाजूने, एकदा त्या. बॉल आला तेव्हा त्याचं बघून झालेलं असतं. अंग अर्धं वळलेलं, बॉल लांबच्या पायावर घेतो, आणि दुसऱ्या टचला तो पलीकडच्या विंगवर. तुमच्या बगळ्याला तिकडचा पोरगा 'कधी' दिसतो, ते हेच.

एकच मॅच सांगतो: युरो २०१२, फ्रान्सविरुद्धची क्वार्टर फायनल. स्पेनकडून त्याची शंभरावी. २-० ने जिंकले, दोन्ही गोल त्याचे. ते गोल पुढे ढकला. मधलीच पाच मिनिटं लावा आणि पोराला सांगा, बॉलकडे बघायचं नाही, ह्या एकाकडेच बघ. मोबाइलवर अवघड जाईल, कॅमेरा बॉलमागे पळतो. टीव्हीला जोडता आला तर जोडा.

न धावणारा मोठा कसा झाला म्हणता, तर तो टॅकलला, म्हणजे पाय घालून बॉल हिसकावण्याला, गुण मानतच नव्हता. मुलाखतीत म्हणाला होता, टॅकल हा शेवटचा उपाय. म्हणजे टॅकल करायची पाळी आली तर आधी उभं राहण्यात कुठेतरी चुकलंय. माझ्या मते त्याचं सगळं खेळणं ह्या एका वाक्यात आहे.

दापोली_लालमाती

मांडवीकर, ऐकायला छान आहे. पण आमच्या जांभ्याच्या मैदानावर शाळांच्या मॅच होतात. तिथे समोरचा पोरगा गुडघे सोलवटून घ्यायची तयारी ठेवून येतो. ह्याने नुसतं बरोबर उभं राहून भागत नाही. तुमच्या अलोन्सोलाही २०१० च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये हॉलंडच्या डी याँगची लाथ छातीवर बसली होती, ते दाखवणार का?

शिवाय २०१४ आठवा. म्युनिकला बायर्नविरुद्ध सेमी फायनल, त्यांच्या श्वाइनस्टायगरवर फाऊल, पिवळं कार्ड, आणि चॅम्पियन्स लीगची फायनल हुकली. लिस्बनला त्या फायनलमध्ये रेआलच्या बेलचा गोल झाला तेव्हा हा सूट घालून कठड्यावरून उडी मारून टचलाइनने धावत सुटला. टॅकलला शेवटचा उपाय म्हणणाऱ्याला टॅकलनेच प्रेक्षकांत बसवलं.

मुद्दा एवढाच, गोलीभाऊ: पास शिकवा, पण त्याच्याबरोबर अंग घालायलाही शिकवा. नाहीतर पोरगं मार खाईल आणि खेळ सोडेल. माझा भाचा असाच गेला, आता क्रिकेट खेळतो.

मांडवी_जेटी

सूटचं खरंच. मी तेव्हा खूप हसलो होतो. अंग घालायचं ते मान्य, अलोन्सोही काही साधू नव्हता, कार्डं भरपूर खाल्ली. पण क्रम बघा हो. आधी बघणं, मग उभं राहणं, मग अंग. आपल्याकडे पोराला पहिल्या दिवशी 'घुस!' सांगतात आणि तिथेच शिकवणी संपते.

आंब्याची_पेटी

मला फुटबॉल नवऱ्यामुळे कळतं, त्यामुळे चुकलं तर सांगा. तुम्ही किनारा म्हणालात म्हणून लिहिते. अलोन्सो लहानपणी सान सेबास्तियानच्या ला कोंचा किनाऱ्यावर खेळायचा, आणि बरोबर कोण, तर आर्सेनलचा कोच झालेला आर्तेता. दोघं बालमित्र. पुढे दोघं अँटिगुओको नावाच्या स्थानिक क्लबात. बोर्नमथचा कोच झालेला इराओला पण त्याच क्लबातला. सान सेबास्तियान ज्यात येतं तो गिपुस्कोआ प्रांत स्पेनमधला सगळ्यात लहान, आपल्या सिंधुदुर्गाच्या निम्मासुद्धा नाही.

पण लगेच 'आमचापण किनारा आहे' म्हणून खूश होऊ नका. त्याचे वडील पेरिको अलोन्सो तिथल्याच रेआल सोसिएदाद क्लबाकडून दोनदा ला लीगा, म्हणजे स्पेनची लीग, जिंकलेले. घरात जेवताना हीच चर्चा असणार. तुमच्या पोराच्या घरी कोण आहे खेळातलं?

शिरोड्याचो_गोली

घरी आजोबा आहेत, रापणीला जातात. फुटबॉल त्यांना ठाऊक नाही.

मांडवीकर, कोचिंगचं राहिलंच. तिथेही असाच हळू का तो?

मांडवी_जेटी

तिथे तर जास्तच. २०१७ ला बायर्नमध्ये खेळणं थांबवलं. वर्ल्ड कप, दोन युरो, दोन चॅम्पियन्स लीग नावावर. कुठल्याही मोठ्या दारात उभा राहिला असता तरी आत घेतलं असतं. ह्याने सुरुवात केली रेआल माद्रिदच्या चौदा वर्षांखालच्या पोरांपासून. मग तीन वर्षं सोसिएदादच्या ब संघात. २०२१ ला संघ दुसऱ्या डिव्हिजनला चढवला, पुढच्याच वर्षी तो खालीही आला. हे खाली येणं कोणी सांगत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये लेव्हरकुसेनला गेला तेव्हा ते अठरात सतरावे होते. २०२३-२४ ला ३४ मॅच, २८ जिंकल्या, ६ बरोबरीत, हार एकही नाही. १९०४ सालचा क्लब, पहिल्यांदाच बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची लीग, तीही सलग अकरा वर्षं जिंकणाऱ्या बायर्नकडून काढून. सगळ्या स्पर्धा धरून ५१ मॅच हरले नाहीत, आणि ५२ वी नेमकी युरोपा लीगची फायनल निघाली. अटलांटाने ३-० ने झोडलं. तीन दिवसांनी जर्मन कप मात्र घेतला.

त्याच युरोपा लीगमधली रोमाविरुद्धची परतीची सेमी फायनल जमलं तर तुम्ही स्वतः बघा. ९७ व्या मिनिटाला बरोबरीचा गोल आहे, पण तोपर्यंत त्यांचा पास बघा. घाई कुठेच नाही. हरायला आलेला संघ असा खेळतो हे आपल्या डोळ्यांना पटत नाही.

शिरोड्याचो_गोली

कळवायचं होतं. शनिवारी कारखान्यातला जुना टीव्ही शाळेच्या पडवीत लावला. फ्रान्सची मॅच दाखवली, तुम्ही म्हणालात तशी. दहा मिनिटांत निम्मी पोरं पळाली. राहिली त्यांना कोणीतरी मोबाइलवर तो ल्यूटनचा गोल काढून दाखवलाच. रविवारी जो तो मधूनच मारतोय. दोन बॉल सुरूच्या बनात, एक भरतीत गेला, तो आजोबांनी काढून दिला.

बगळो मात्र बसला होता शेवटपर्यंत. काही बोलला नाही. घरी जाताना विचारलं, "सर, तो चौदा वर्षांच्या पोरांका शिकवी होतो तेव्हा त्येंका पण उभो ऱ्हवाक सांगी?"

मी म्हटलं, विचारून सांगतो. आता तुम्हीच सांगा.

आणि रविवारच्या मॅचमध्ये त्याने दोनदा मान वळवून मागे बघितलं. दुसऱ्यांदा बघताना बॉल पायाखालून गेला आणि आम्ही गोल खाल्ला. ते पालक माझ्याकडे बघत होते. मी त्याला बसवला नाही.