चूक दाखवणं वेगळं, धुलाई वेगळी

'चुका दाखवल्याच नाहीत तर नवा माणूस सुधारणार कसा?' असं एकांनी विचारलंय. मुद्दा रास्त आहे, पण फॅन फिक्शनवाल्यांत (आवडत्या पुस्तक-मालिकांतली पात्रं घेऊन चाहते ज्या कथा लिहितात, त्यांच्या जगात) नव्यांच्या बाबतीत जे चालायचं त्याला चूक दाखवणं म्हणवत नाही.

'मेरी स्यू' हा शब्दच घ्या. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या एका अंकात छोटंसं विडंबन लिहिलं. त्यातली मेरी स्यू म्हणजे साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट, ताफ्यात सगळ्यांत लहान, तिला न येणारं काहीच नाही. टोला एका साच्याला होता आणि तो झकास बसला. पुढे नेटवर त्याचा दगड झाला. नायिका जरा हुशार निघाली की हाण 'मेरी स्यू'! लिहिणारी बहुधा शाळकरी मुलगी, कथा पहिलीच. तिचे उतारे दुसरीकडे नेऊन ओळीओळीखाली टिंगल करायची, याला 'स्पॉर्किंग' असं नावही होतं.

माझ्या पहिल्या कथेत हॅरी पॉटरचे डोळे निळे झाले होते. (हसू नका.) एकाने लिहिलं, 'पुस्तक उघडून तरी पाहिलंस का?' एका ताईंचा खासगी निरोप आला, 'अगं, हिरवे. आईसारखे. संवाद मात्र छान जमलेत.' दोन मिनिटांत दुरुस्त केलं, ते ताईंमुळे. पहिल्याला वाचून मी कथा उडवायलाच निघाले होते.

आता एओथ्रीवर ('आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅन फिक्शनच्या साइटवर) निनावी प्रतिसाद बंद ठेवता येतात, आलेले आधी तपासताही येतात. आणि जिने कथेच्या सुरुवातीच्या टिपेत 'चुका सांगा' म्हटलंय, तिला खुशाल सांगा की.