मदत हवी आहे: ७३ वर्षांच्या आईला घेऊन ब्राझीलमधल्या गोयास गावी जायचंय

नमस्कार मंडळी,

दीड वर्षापासून नोकरीनिमित्त साओ पावलोत आहे. ऑगस्टमध्ये आई पुण्याहून येतेय. मी रिओ आणि इग्वासूचा धबधबा असा बेत आखत होते, पण तिने एकच गाव सांगितलं: गोयास. गोयानिया शहर नव्हे, तिथून साधारण १४० किलोमीटरवरचं जुनं गोयास.

कारण तिथली कवयित्री कोरा कोरालिना. तिच्याबद्दल मीच आईला फोनवर सांगितलं होतं. जन्म २० ऑगस्ट १८८९, शाळा जेमतेम. नवरा गेल्यावर म्हातारपणी गावी परतली आणि मिठाई करून विकायला लागली. कविता लहानपणापासून लिहायची, पण पहिलं पुस्तक निघालं १९६५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत. नदीच्या पुलाला लागून असलेलं तिचं घर आता संग्रहालय आहे. आई निवृत्त झाल्यापासून वहीत कविता लिहिते, कुणाला दाखवत नाही. दिवाळीत ओळखीच्यांच्या ऑर्डरी घेऊन नारळाच्या वड्या करते. "तिची तांब्याची पातेली बघायचीत मला," एवढंच म्हणाली. म्हणून २० ऑगस्टला तिथे असावं, असं फार मनात आहे.

राज्याची राजधानी १९३७ मध्ये गोयानियाला गेली आणि हे गाव होतं तसं राहिलं, म्हणून तर २००१ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. पण त्यामुळेच रस्ते जुन्या ओबडधोबड दगडांचे आहेत, आणि आईच्या उजव्या गुडघ्याचा त्रास आहे. काठी घेऊन चालते. तिला झेपेल का? गोयानियाहून बस बरी की गाडी करावी?

दुसरं, आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. इथल्या राजम्यात डुकराचं मांस असतं हे मला माहीत आहे, पण गावात तिला काय मिळेल? पेकीचा भात मी एका सहकाऱ्याच्या घरी खाल्लाय. पिवळं फळ पुढच्या दातांनी वरवर खरवडायचं, चावायचं नाही, कारण गराखाली बारीक काटे असतात. सहकाऱ्याच्या आईने माझा हात धरून शिकवलं. आईला ते द्यावं का, याची धास्ती वाटते.

तिसरं, पीतज्वराची लस. ब्राझीलहून परतताना भारतात प्रमाणपत्र लागतं, आणि साठीनंतर ही लस जपून देतात असं वाचलं. कुणी आईवडिलांना आणलंय का? कसं केलंत?

---

प्रतिसाद:

ताई, मी गोयानियात राहतो, दोनदा जाऊन आलोय. आईंना नक्की न्या.

लसीचं सगळ्यात आधी बघा. तिकीट काढण्यापूर्वी आईंच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला, सगळी औषधं सांगा. घ्यायची ठरली तर सरकारमान्य केंद्रातच, आणि प्रवासाआधी किमान १० दिवस. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं.

बस चालते, पण गुडघा दुखत असेल तर गाडीच करा, वाटेत हवं तिथे थांबता येतं. मुक्काम जुन्या भागात, कोराच्या घराजवळ घ्या. काठीला खालून रबर हवंच, दगड गुळगुळीत झालेत. ऑगस्टमध्ये पाऊस नसतो, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. सकाळी नऊच्या आत आणि चारनंतरच बाहेर पडा. त्या दिवसांत पिवळे इपे फुललेले असतात, एकही पान नसलेलं झाड नुसतं पिवळं. सोमवारी संग्रहालयं बहुतेक बंद असतात, २० तारखेचा वार बघून घ्या.

जेवणात एम्पादाओ, म्हणजे सारण भरून भाजलेला खारा पाय, टाळा, त्यात कोंबडी आणि डुक्कर दोन्ही असतं. पामोन्या मागा: ओल्या मक्याचं सारण मक्याच्याच पानात बांधून उकडतात, आत चीज. मात्र डुकराची चरबी घातलीय का, हे प्रत्येक ठिकाणी विचारा, 'बान्या' म्हणतात तिला. पेकीचा वरवरचाच गर खरवडून द्या, खोल जाऊ नका. आणि साखरेत मुरवलेली फळं घ्याच, कोरा तीच करायची.

---

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. डॉक्टरांची वेळ आजच घेतली. प्रतिसाद आईला वाचून दाखवला, तर तिचा प्रश्न आला: त्या घरात वही घेऊन घटकाभर बसू देतात का?