मदत हवी आहे : जीएनएम पहिलं वर्ष, पचनसंस्थेतल्या शब्दांचा गोंधळ (मिरज)

कवठ्याची पोर

नमस्कार. मी मिरजेत जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला आहे. कवठे महांकाळ तालुक्यातली. शाळा मराठी माध्यमाची, बारावी कला शाखेतून. इथे ॲनाटॉमी इंग्रजीतून. मॅडम छान शिकवतात, पण पोर्शन मोठा आणि वेळ कमी. पचनसंस्थेपाशी येऊन मी अडकले आहे.

आकृती मला येते. अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं, मलाशय, बाजूला यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड. हे दहावीच्या विज्ञानात झालंय आणि कोण काय काम करतं तेही सांगता येतं. घोळ शब्दांचा आहे. कोलायटिस, कोलेसिस्टायटिस, कोलँजायटिस, कोलेक्टॉमी, कोलेसिस्टेक्टॉमी, कोलोस्टॉमी. मी वहीत उच्चार देवनागरीत लिहून घेते. वाचायला बसलं की सगळी एकाच घरातली भावंडं वाटतात. इलियम तर दोन आहेत म्हणे, एक आतडं आणि एक हाड! पोटाचे नऊ भाग पाठ केले, पण आकृतीत उजवं कुठलं आणि डावं कुठलं हे प्रत्येक वेळी थांबून आठवावं लागतं.

त्यात आता वॉर्डात पोस्टिंग आहे. पेशंट म्हणतात ‘काळजात कळ येतीया’, ‘पोटात गुबारा धरलाय’, ‘बेंबी सरकलीया’. हे मला कळतं, मी त्याच भागातली आहे. पण रिपोर्टबुकात काय लिहायचं?

व्हायव्हा (तोंडी परीक्षा) जवळ आली आहे. ‘पाठ कर’ एवढंच कृपया सांगू नका, ते चालूच आहे.

येरळाकाठ

ताई, मी काही डॉक्टर नाही, पण रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात अर्धा तास उभं राहून बघ. कलेजी, वजडी, आतडी, सगळं डोळ्यासमोर. कलेजी काढताना खाटीक पित्ताची पिशवी किती जपून सोडवतो तेही दिसेल. ती फुटली तर कलेजी कडू होते. पित्ताशय यकृताला खालून चिकटलेलं असतं हे मला पुस्तकातून नाही, तिथूनच कळलं.

तिसरा मजला

यकृत आणि पित्ताशयापुरतं वरचं म्हणणं मान्य. पण वजडी बघून माणसाचं जठर शिकू नका. शेळी रवंथ करणारी, तिच्या पोटाला चार कप्पे. माणसाचं जठर एकच. परीक्षकासमोर चार सांगाल.

(मी सर्जरीचा रेसिडेंट आहे. ड्यूटी संपली की इलियम आणि नऊ भागांवर लिहितो.)

जुनी स्टाफ नर्स

पोरी, आधी वही बदल. उच्चार देवनागरीत लिहिणं बंद. शब्द इंग्रजी स्पेलिंगने लिही आणि त्याच्या खाली मराठी अर्थ. तुझा अर्धा गोंधळ वहीने केलाय, डोक्याने नव्हे.

आता ‘कोल’ बघ. आपल्या कानाला एकच, पण स्पेलिंगमध्ये दोन आहेत. सी-एच-ओ-एल म्हणजे पित्त. मधला एच नाही, नुसतं सी-ओ-एल, म्हणजे कोलन, मोठं आतडं. एच दिसला की पित्ताकडे जायचं, नाही दिसला की आतड्याकडे. सिस्ट म्हणजे पिशवी, म्हणून कोलेसिस्ट म्हणजे पित्ताची पिशवी. आयटिस लागलं की सूज. लिथ म्हणजे दगड, म्हणून कोलेलिथियासिस म्हणजे पित्ताचे खडे. अँजिओ म्हणजे नळी, म्हणून कोलँजायटिस म्हणजे पित्तनलिकांचा संसर्ग. आणि कोलेडोकस ही पित्ताची मुख्य नळी, जी पुढे ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, उघडते. एवढे तुकडे आले की कोलेडोकोलिथियासिससारखा लांबलचक शब्दही तू स्वतः सोडवशील. नळीत खडा, संपलं.

आणि हे नुसतं मार्कांसाठी नाही. पिशवीत खडे असलेली कितीतरी माणसं आयुष्यभर काही त्रास न होता हिंडतात. तोच खडा नळीत अडकला की डोळे पिवळे, हुडहुडी भरून ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं, अशी तिन्ही लक्षणं एकत्र येऊ शकतात. त्या तिघांना शार्कोचं त्रिकूट म्हणतात, व्हायव्हात आवडता प्रश्न आहे. असा पेशंट रात्री तुझ्या वॉर्डात असला तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नसते.

शेपट्यांचंही तसंच. एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं. ऑटॉमी म्हणजे नुसता छेद घेऊन उघडणं, जसं लॅपरोटॉमी, म्हणजे पोट उघडणं. ऑस्टॉमी म्हणजे नवं तोंड करणं. कोलेक्टॉमीत मोठं आतडं, पूर्ण किंवा त्याचा भाग, काढतात. कोलोस्टॉमीत ते पोटाच्या कातडीवर उघडतात, मग पिशवी लावतात. त्या पिशवीची काळजी पुढे तुलाच घ्यायची आहे, तेव्हा हा फरक आत्ताच पक्का कर.

तिसरा मजला

सिस्टरांनी छान मांडलंय. एकच भर घालतो. ऑस्टॉमी दिसली की तोंड पोटावरच उघडणार असं धरू नका. गॅस्ट्रोजेजुनॉस्टॉमीत जठर आणि जेजुनम (लहान आतड्याचा मधला भाग) एकमेकांना जोडतात, बाहेर काही येत नाही. शब्दात दोन अवयव असतील तर जोडणी. एकच असेल तर बहुधा बाहेरचं तोंड.

इलियम : आतड्याच्या स्पेलिंगमध्ये मधे ई आहे, कमरेच्या हाडाच्या स्पेलिंगमध्ये त्या जागी आय. आतड्याला एंटेरो म्हणतात, त्याचीही सुरुवात ई पासून, तेवढी खूण पुरते. खरी गंमत पुढे आहे. पोटाचा उजवा खालचा भाग, राइट इलियॅक फोसा, याला नाव हाडावरून मिळालंय. आणि आतड्यातल्या इलियमचा शेवटचा तुकडाही नेमका त्याच जागी सीकमला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, मिळतो. म्हणून विद्यार्थ्यांना वाटतं की भागाचं नाव आतड्यावरून पडलं. तसं नाही.

लहान आतड्याचे तीन भाग नावाच्या गोष्टीसकट लक्षात ठेवा. ड्युओडेनमचं मूळ ‘बारा’ या आकड्यात आहे. बारा बोटं शेजारी ठेवली की जेवढी रुंदी होईल तेवढी त्याची लांबी, साधारण २५ सेंटिमीटर. स्वादुपिंडाच्या डोक्याभोवती ते इंग्रजी सीच्या आकारात वळलेलं असतं. जेजुनम म्हणजे रिकामं. जुन्या काळी शवविच्छेदनात ते रिकामं सापडायचं. मराठी परिभाषेत त्याला रिक्तांत्र म्हणतात, ते याच अर्थाने. उरलेलं इलियम, म्हणजे शेषांत्र. ड्युओडेनम सोडून राहिलेल्या लांबीत साधारण दोन पंचमांश जेजुनम, तीन पंचमांश इलियम. सगळं मिळून ६ मीटरच्या आसपास, मोठं आतडं दीड मीटर. नावात लहान आणि लांबीत चौपट, कारण लहान-मोठं हे रुंदीवरून ठरलंय. हा प्रश्न मला स्वतःला विचारला होता.

सीकम म्हणजे आंधळं, पुढे वाट नसलेलं. मराठीत अंधांत्र. त्याला लटकलेली शेपटी म्हणजे अपेंडिक्स. रेक्टमचा अर्थ सरळ, पण माणसात ते सरळ नसतं, माकडहाडाच्या वरच्या सॅक्रमच्या वळणाबरोबर वाकतं. हे नाव प्राण्यांच्या विच्छेदनातून आलं आणि आपल्याला चिकटलं. म्हणजे शेळीचा घोळ जुनाच आहे, येरळाकाठ यांना दोष देऊ नये.

आणि जठराच्या वरच्या तोंडाला कार्डिया म्हणतात ते हृदय शेजारी आहे म्हणून. कार्डिॲक स्फिंक्टर वाचून कुणी हृदयाची झडप सांगतं, तुम्ही सांगू नका.

नऊ भागांचं : आकृतीकडे बघून उजवं-डावं ठरवूच नका. उजवं म्हणजे कायम पेशंटचं उजवं. वहीऐवजी स्वतःच्या पोटावर हात ठेवून म्हणा. मधल्या रांगेत वरून खाली एपिगॅस्ट्रिक, अंबिलिकल, हायपोगॅस्ट्रिक. दोन्ही बाजूंना वर हायपोकाँड्रियॅक, मधे लंबर, खाली इलियॅक. काँड्र म्हणजे कूर्चा, हायपो म्हणजे खाली, म्हणून बरगड्यांच्या कूर्चेखालचा भाग. उजवा हात तिथे नेलात तर खाली यकृत. डावीकडे त्याच उंचीवर प्लीहा. उजवीकडे खाली अपेंडिक्स, डावीकडे खाली सिग्मॉइड कोलन. दोनचार रात्री झोपताना करा, येईल.

कवठ्याची पोर

सिस्टर, डॉक्टर, खूप खूप आभार. एच असलेलं आणि नसलेलं ‘कोल’ वेगळं करून सगळे शब्द पुन्हा लिहायला घेतलेत. रूममेटलाही दाखवलं, तीही साताऱ्याची, मराठी माध्यमाचीच.

वॉर्डातल्या शब्दांचं मात्र राहिलं. ‘बेंबी सरकली’ला इंग्रजीत काय म्हणतात?

जतकर

बेंबी नंतर, आधी कन्नड शिका 😀 मिरजेला आमच्या जत भागातून, अथणीकडून, विजापूरकडून पेशंट येतात. ‘होट्टे नोवु’ म्हणजे पोटदुखी. एवढं आलं तरी आमची आजी तुम्हाला आशीर्वाद देईल.

जुनी स्टाफ नर्स

जतकर, खरं आहे. मिशन हॉस्पिटल इथे १८९४ पासून आहे, मेडिकल कॉलेज १९६२ पासून, आणि सीमेपलीकडची माणसं मिरजेला येणं काही नवं नाही. मला कामापुरतं कन्नड पेशंटांनीच शिकवलं.

आता बेंबी. पोरी, तिला इंग्रजी शब्द नाही, शोधू नकोस. बेंबी सरकणं हा आजार वैद्यकात नाही. पण पेशंट ते म्हणतो तेव्हा तो काहीतरी खरं सांगत असतो : बेंबीभोवती दुखतंय. ते तसंच लिही. मग विचार, कधीपासून, आधी कुठे होतं, आता कुठे आहे, उलटी झाली का, ताप आहे का. अपेंडिक्सचं दुखणं पुष्कळदा बेंबीपाशी सुरू होतं आणि काही तासांनी उजवीकडे खाली उतरतं. गावाकडे तेवढ्यात कुणीतरी तेल लावून पोट चोळतं, बेंबी बसवतं. सुजलेल्या अपेंडिक्सवर ते धोक्याचं आहे. म्हणून ‘कुणाकडून चोळून घेतलं का?’ हेही विचारायचं, आणि न रागावता विचारायचं. रागावलीस की माणूस पुढचं सांगत नाही.

काळजाचं तर याहून जपून. मटणाच्या दुकानात कलेजी म्हणजे यकृत. पण आपला माणूस ‘काळीज’ म्हणताना हात कधी छातीच्या मधोमध ठेवतो, कधी बरगड्यांच्या फाट्यात, एपिगॅस्ट्रिकमध्ये. तेव्हा शब्दावर जायचं नाही, ‘एका बोटाने दाखवा’ म्हणायचं. हार्ट ॲटॅकचं दुखणंही बरगड्यांच्या फाट्यात येऊ शकतं आणि माणूस त्याला ॲसिडिटी समजून सोडा पीत बसतो. घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, यातलं काही असेल तर आधी सिस्टर इनचार्जला हाक. लिहिणं मागून.

गुबारा म्हणजे पोट फुगणं, ॲब्डॉमिनल डिस्टेन्शन, पण तो शब्द पोट बघून लिही. नुसतं पेशंट म्हणतोय आणि पोट मऊ, सपाट आहे, तर ‘पोट फुगल्यासारखं वाटतं अशी तक्रार’ एवढंच. घशाशी आंबट येणं म्हणजे रिगर्जिटेशन. गिळताना त्रास म्हणजे डिसफेजिया, स्पेलिंगमध्ये शेवटाकडे जी आहे. त्या जीच्या जागी एस लावलास तर तो बोलण्यातला दोष होतो, आपल्या उच्चारात दोन्ही सारखेच ऐकू येतात. रक्ताची उलटी हिमॅटेमेसिस. हिमॅट म्हणजे रक्त, हेपॅट म्हणजे यकृत, तिथेही पोरं घसरतात.

कवठ्याची पोर

सिस्टर, हे सगळं उतरवून घेतलं. शेवटचा प्रश्न. वॉर्डात एक आजी म्हणाल्या, संडासला काळं होतंय. तिथे मी थेट मेलेना लिहायचं का?

जुनी स्टाफ नर्स

नाही. मेलेना म्हणजे वरच्या पचनमार्गातलं रक्त पचून काळं झालेलं. तो निष्कर्ष आहे, आणि तो डॉक्टरांनी काढायचा. तू जे बघशील ते लिही : रंग, डांबरासारखं चिकट आहे की घट्ट, वास, किती वेळा. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, म्हणून त्या चालू आहेत का विचार. दुखण्याच्या गोळ्या रोज खातात का, तेही विचार, गुडघेदुखीवाल्या आज्या दुकानातून आणून खातात आणि सांगत नाहीत. जठरात व्रण होण्याचं ते मोठं कारण आहे. नाडी आणि बीपी घे, आणि सिस्टरांना लगेच सांग. आजींना म्हणावं, पुढच्या वेळी पाणी ओतण्याआधी मला दाखवा.

तिसरा मजला

+१. आणि व्हायव्हात मेलेनाचा उगम विचारला तर लिगामेंट ऑफ ट्राइट्झ हे नाव घ्या. ड्युओडेनम संपून जेजुनम सुरू होतं तिथली ही पट्टी. तिच्या वरचा रक्तस्राव तो अप्पर जीआय (वरच्या पचनमार्गातला), खालचा लोअर.