आईला शिडाच्या बोटीत बसवायचंय: मॉरिशस, आषाढीनंतर

प्रति: मस्कतच्या आपल्या मंडळाचे सर्व सभासद
विषय: मॉरिशस सहल, वडीलधारी बरोबर आहेत

नमस्कार मंडळी,

सोलापूरहून लिहितेय. सुट्टीसाठी बाळीवेशीत आईकडे आलेय. चार दिवसांनी नळाला पाणी आलं, घागरी-बादल्या भरून झाल्या, आता जरा निवांत बसले.

मस्कतची आपली चार घरं जुलैत मॉरिशसला जायचं म्हणताहेत, हे तुम्हाला माहीत आहेच. प्रत्येक घरातून एक वडीलधारं माणूस सोलापूरहून येणार. आईचं वय 71. समुद्र तिने एकदाच बघितला, गणपतीपुळ्याला, तोही वाळूत उभं राहून. होडीत मात्र दरवर्षी बसते. पंढरपूरला चंद्रभागेतून विष्णुपदाला जाते आणि सगळ्यांच्या आधी होडीत चढते. मी म्हटलं, आई, आता शिडाच्या बोटीत बसायचं. तर म्हणाली, "पांडुरंगाच्या होडीत बसतेय की, ह्यात काय भ्यायचं?"

एजंटने पूर्व किनाऱ्यावर बेल मारचं हॉटेल सुचवलंय आणि एक दिवस कॅटामरान, म्हणजे शिडाची बोट. फोटो फार सुंदर आहेत. पैसे भरायच्या आधी कुणी तिकडे राहिलेलं असेल तर कृपया सांगा.

— बाळीवेशीतली ताई


विषय: उत्तर: मॉरिशस सहल

ताई,

पैसे अजून भरू नका. मी नोकरीनिमित्त तिथे 9 वर्षं होतो, म्हणून आग्रहाने सांगतो. मॉरिशसला हॉटेल निवडण्याआधी वारा बघायचा.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून जुलै-ऑगस्ट हा तिथला हिवाळा. थंडी फार नसते, पण आग्नेयेकडून व्यापारी वारे सुटतात आणि नेमके याच महिन्यांत त्यांचा जोर असतो. बेल मार थेट त्या वाऱ्याच्या तोंडावर येतं. आकाश निळं, पाणी निळं, सगळं फोटोसारखंच दिसेल. पण 71 वर्षांची बाई शाल गुंडाळून खोलीत बसेल. तेच पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाकला किंवा वायव्येला त्रू ओ बिशला गेलात तर मधले डोंगर आणि जमीन वारा अडवतात. तिथे संध्याकाळी वाळूत बसता येतं. माँ श्वाझीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, आपल्या कोकणात असतात तशीच. आईंना ओळखीचं वाटेल.

आता बोट. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. भिंतीच्या आतलं पाणी उथळ आणि शांत, बाहेर खुला हिंदी महासागर. एजंट सगळ्यालाच "कॅटामरान" म्हणतो, पण ती भिंतीच्या आत फिरणार की बाहेर जाणार, हे विचारायचं. ग्राँ बेहून निघणाऱ्या बोटी कोआँ द मीरच्या कड्याजवळून गॅब्रिएल बेटाला जातात. कडा बघण्यासारखा आहे, पण तो पट्टा खुल्या समुद्राचा, आणि जुलैत लाटा चांगल्याच उसळतात. तरुण मंडळींनी तिकडे जरूर जावं. वडीलधाऱ्यांना नैर्ऋत्येला रिव्हिएर न्वारहून बेनिटिए बेटाला न्या. बराचसा प्रवास भिंतीच्या आतून आहे, आणि समोर ल मॉर्नचा डोंगर दिसतो. पळून आलेले गुलाम त्या डोंगरावर आसरा घेत. 2008 पासून तो जागतिक वारसा आहे. सगळ्यांनी एकाच बोटीत बसायचा हट्ट धरू नका. सहली त्यानेच बिघडतात.

कॅटामरानला दोन सांगाडे असतात, त्यामुळे ती एका अंगावर फारशी कलत नाही. पुढच्या जाळीवर पोरं लोळतात, तिथे पाणी उडतं. आईंना मागे, सावलीत बसवा. सकाळी पोट रिकामं नको आणि गच्चही नको, नजर क्षितिजावर ठेवायची. उलटीची गोळी बीपीच्या गोळ्यांबरोबर चालते का, हे सोलापुरातच डॉक्टरांना विचारून घ्या.

पाण्यात अनवाणी उतरू देऊ नका. उथळ पाण्यात दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो, त्याचा काटा फार वाईट. तुमच्याकडे पावसाळ्यात मिळणारे प्लास्टिकचे बंद बूट पुरतात.

आणि एक सकाळ राजधानी पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटासाठी राखून ठेवा. 1834 पासून आपल्याकडची करारबद्ध माणसं तिथे उतरली. त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसंही होती. उसाच्या मळ्यांत राबली, गणपती बरोबर नेला. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. घाटाच्या 16 पायऱ्यांपाशी मी जितक्यांदा उभा राहिलो तितक्यांदा डोळे भरून आले.

— काका


विषय: उत्तर: उत्तर: मॉरिशस सहल

ताई, दोनच गोष्टी. बोटीवर संडास आहे ना आणि चढायला धक्का आहे की गुडघाभर पाण्यातून जायचंय, हे आधी लेखी विचारा. सासूबाईंच्या वेळी आम्ही विचारलं नव्हतं. रबरी होडीतून उतरताना त्यांची साडी कमरेपर्यंत भिजली, आणि नंतरचे चार तास त्या कुणाशी बोलल्या नाहीत. मला अजून वाईट वाटतं.

जेवण बोटीवरच भाजतात, मासे आणि चिकन. शाकाहारी असेल तर बुकिंग करतानाच सांगायचं. जमिनीवर काळजी नाही. तिथली ढोल पुरी म्हणजे आपल्या पुरणपोळीची बिनगोडाची बहीण, आत डाळ. रस्त्यावर मिळते.

— वहिनी


विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: मॉरिशस सहल

काका, वहिनी,

तुमचे दोन्ही मेल आईला मोठ्याने वाचून दाखवले. घाटाचं ऐकताना ती हातातलं काम ठेवून बसली. म्हणाली, ती माणसं परत आली का गं? बहुतेकजण तिथलेच झाले असं सांगितलं, तर बराच वेळ गप्प होती.

बेल मार रद्द. फ्लिक आँ फ्लाक घेतोय, वडीलधाऱ्यांना बेनिटिए, पोरांना गॅब्रिएल. तारखेचा पेच मात्र आईने टाकलाय. आषाढी एकादशीआधी ती सोलापूर सोडणार नाही, आणि श्रावण लागल्यावर भाजलेल्या माशांच्या वासात बसणार नाही. म्हणजे हातात जेमतेम अडीच आठवडे. चारही घरांनी त्या खिडकीतले आठ दिवस कळवा, मी उद्या तिकिटं बघते. मुंबईपर्यंत सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री येऊ, म्हणजे वडीलधाऱ्यांना झोप मिळेल.

टॉवेल कुणी आणू नका, इथून सगळ्यांसाठी डझनभर घेतेय. शेंगाचटणी आणि कडक भाकरी पण. आईचे बूट आजच आणले, निळे. घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या तिने. घाटाच्या पायऱ्या उतरताना पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार करायचाय, तेवढा वेळ थांबा, एवढंच तिने मला लिहायला सांगितलंय.

— ताई