पैसे गुत्त्यावरच जातात?
‘गरिबाच्या हातात सरकारने रोख दिली की ती गुत्त्यावर जाते’ असं काहीजण म्हणतात, म्हणून लिहितोय. मध्य प्रदेशात २०११ च्या सुमारास ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने अशी रोख देऊनच पाहिली. आठ गावांत मोठ्या माणसाला महिना २०० रुपये, मुलामागे १००, वर्षभराने ३०० आणि १५०. अट कसलीच नाही. दारूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही. लोकांनी बी-बियाणं घेतलं, शेळ्या-कोंबड्या घेतल्या, पोरांची शाळेतली हजेरी सुधारली. बायकांचे पैसे बायकांच्याच नावावर, हा त्यातला कळीचा भाग.

आमच्या गावातल्या एका काकूंना ‘लाडकी बहीण’चे १५०० येतात. पूर्वी किराणा उधारीच्या वहीवर. वही असली की भाव विचारायची सोय नाही, दुकानदार देईल ते तेल, देईल ती डाळ. आता रोख मोजतात आणि पटलं नाही तर पिशवी उचलून समोरच्या दुकानात जातात. पाच हप्ते साठवून शेळीची एक पाठही घेतली, ती नुकतीच व्यालीय.

पैसे काढायला मात्र बँकेची फेरी, म्हणजे एसटीचं भाडं आणि अर्ध्या दिवसाची मजुरी बुडीत. त्यावर कुणी बोलत नाही.