दुरंगी कानपट्टी घट्ट का होते

ताई, दोन रंगांच्या लोकरीने विणलेली कान झाकायची पट्टी टाके मोजून घालूनही डोक्यात शिरत नाही, नक्षी चुरगळते, असं तुम्ही म्हणता. दोष टाक्यांचा नाही, ज्या रंगाची पाळी नाही त्याच्या, विणीमागून जाणाऱ्या धाग्याचा आहे. तो ताणत नाही, म्हणून पट्टीही ताणत नाही. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरवा, मगच नवा धागा घ्या. पाचांहून जास्त टाके एकाच रंगाचे असतील तर मागचा धागा मध्ये एकदा विणायच्या धाग्यात अडकवा. तरीही आवळत असेल तर काम उलटं करून, आतली बाजू बाहेर ठेवून विणा. धाग्याला वळणावर जास्त लांबी मिळते.

५६ सेंमी डोक्यासाठी, १० सेंमीत २२ टाके बसत असतील तर ११२ टाके, म्हणजे पट्टी डोक्याहून थोडी लहान, सुमारे ५१ सेंमीची. आठ टाक्यांची नक्षी आणि २-२ ची रिब (दोन सुलट, दोन उलट टाक्यांची कड), दोन्ही त्यात बसतात. गोल सुई ४० सेंमीची. टाके मोजायचा नमुनाही गोलच विणा, कारण सपाट विणताना येणाऱ्या उलट ओळींचा ताण वेगळा पडतो. नक्षीचा रंग कायम दुसऱ्या धाग्याच्या खालून न्या, तो उठून दिसतो.

आणि लोकर अ‍ॅक्रिलिक असेल तर इस्त्री टेकवूच नका, कायमची लोळागोळा होते. ग्वाल्हेरच्या जानेवारीत कानांना खरी लोकरच हवी!