वळिवड्याच्या बराकी आणि आजोबांची वही

पणजोबांविषयी ‘सिंधमधून आले’ यापलीकडे घरात कुणाला काही सांगता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला राहिले असतील, तर तिथल्या वळिवडे गावापासून सुरुवात करा. 1943 मध्ये तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. सुमारे 5,000 माणसं, सैबेरियातून इराणमार्गे आलेली, बहुतेक बायका-मुलं. ती गेल्यावर फाळणीत घरदार सुटलेली सिंधी कुटुंबं त्याच बराकींत आली. पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ कोल्हापुरात महावीर उद्यानात आहे, जरूर बघा. सिंधी घरांतल्या आठवणी मात्र जुन्या माणसांबरोबर चालल्यात, याचं मला फार वाईट वाटतं.

माझे आजोबा खांद्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन आठवडी बाजार करायचे. त्यांची उधारीची वही आम्ही जपलीय. मजकूर सिंधीत, अरबी वळणाच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे, मध्येच एखाद्या गिऱ्हाइकाचं नाव मोडक्यातोडक्या देवनागरीत. शेजारच्या ऐंशी ओलांडलेल्या काकींनी ती वाचली, तेव्हा शेवटच्या पानावर सिंधमधल्या शिकारपूरच्या नातलगांची नावं निघाली. आमच्या घरात ती कुणी कधी ऐकलीच नव्हती! तुमच्याकडे असं काही, अगदी जुनं रेशनकार्डसुद्धा, सापडलं तर कळवा. काकींना विचारून ठेवतो.